कुठं पाणी मुरतंय

खैरनारांचा फोन येतो तेव्हा
ते नमस्कार वगैरे म्हणत नाहीत.
"फ्यूज गेला," म्हणतात. "तिसरा."
मी दुकानाचं शटर अर्धं ओढतो,
क्लॅम्प मीटर पिशवीत टाकतो
आणि पाथर्डी फाट्यावरून सातपूरला निघतो.

अशोकनगरात त्यांची मारुती व्हॅन
पुढची सीट उलटी टाकून, पोट उघडं ठेवून उभी.
शेजारी वहिनींची लोणच्याची बरणी,
बरणीत स्टीलचे अकरा पत्रे, मधे नायलॉनचे वायसर.
पाण्यातून हायड्रोजन, हायड्रोजनवर इंजिन,
पेट्रोलला नुसती फोडणी.
बत्तीस वर्षं टूलरूममधे
मिलिमीटरचा शंभरावा भाग पकडणारा माणूस
आता बुडबुडे मोजतो.

"घरून निघताना बारा अँपिअर," ते वहीत बघून सांगतात,
"त्र्यंबक नाक्यावर अठरा,
द्वारकेला सव्वीस, मग सगळं गप्प."
पाणी तापतंय, मी म्हणतो, तापलं की जास्त करंट ओढतंय,
जास्त ओढलं की अजून तापतंय.
"आमच्या भांडणासारखं," दारातून वहिनी.
कॉस्टिक किती टाकलं?
"चमचाभर."
कसला चमचा?
ते आत जाऊन चमचा घेऊन येतात.
तो डाव असतो.
"तरीच," वहिनी म्हणतात, "आठ दिवस शोधतेय."

पुढच्या रविवारी बरणीत
तीनदा उकळलेल्या चहासारखं पाणी.
पत्रा कुठला? अंबड लिंक रोडच्या भंगारातला,
दुधाच्या टाकीचा म्हणून दुकानदारानं शपथ घेतलेली.
मी खिशातलं लोहचुंबक लावलं.
चिकटलं. अगदी हलकं,
परक्याच्या लग्नात पंगतीला बसावं तसं.
खैरनार बराच वेळ त्या पत्र्याकडं बघत राहिले,
मग शर्टाच्या बाहीनं तो पुसला,
जसा काही दोष पत्र्याचा नव्हता.

मग बबलर गप्प.
बरणीत उकळी, पलीकडं काही नाही.
"कुठंतरी पाणी मुरतंय," ते म्हणाले.
पाणी नाही, वायू.
शेजारच्या आहिररावांना विडी विझवायला लावली,
ब्रशनं झाकणाभोवती साबणाचा फेस फिरवला
आणि तिघं वाकून बसलो.
आट्यांजवळ एक फुगा आला.
मोहरीएवढा. मग वाटाण्याएवढा.
त्यात व्हॅन उलटी दिसत होती.

डिसेंबरात सगळं बरोबर झालं.
हीच अडचण.
फ्यूज टिकला, पाणी नितळ, बुडबुडे एका चालीत.
विल्होळी ते घोटी आणि परत,
निघताना टाकी काठोकाठ, आल्यावर काठोकाठ.
सेल बंद: लिटरला चौदा पूर्णांक दोन.
सेल चालू: तेरा पूर्णांक आठ.
पुन्हा. तेरा नऊ.
सेल चालू केला की बेल्ट किंचाळायचा,
हेडलाईट आजाऱ्यासारखे पिवळे पडायचे.

पाणी कुठं मुरतंय
ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.
पेट्रोल बेल्ट फिरवतं, बेल्ट वीज काढतो,
वीज पाणी फोडते,
फुटलेलं पाणी पेट्रोलच्या मदतीला जातं
आणि वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर जकात.
मी बोललो नव्हतो.
रविवारी मला दुसरीकडं कुठं जायचं नसायचं.

त्या संध्याकाळी बोललो.
खैरनारांनी वही मागून उघडली.
शेवटच्या पानावर पेन्सिलीनं हाच हिशेब,
तारीख मार्चची.
"मग कशाला हे सगळं?"
"अरे, पण फ्यूज का जातो
ते कळायला नको?"

वहिनी विचारत होत्या, आवळे आलेत बाजारात,
बरणी मिळणार का आता?
"नाही. कॉस्टिक मुरलंय त्यात. नवी आणतो."
मग माझ्याकडं वळून, हळू आवाजात:
"दोन आणू का?"